नाव बदलू नका, क्वेरी बदला



आपल्यातले काही शिक्षक आता पायथॉन शिकून हजेरीचं, निकालाचं ॲप स्वतःच बनवतात. कौतुकच आहे. पण त्यांना एक प्रश्न: पटावरच्या डिसोझाचं नाव टाकताना तुमचं ॲप अडतं का?

गोव्यात, वसईत, मुंबईत हे आडनाव नेहमीचंच. इंग्रजीत लिहिताना त्यात डीनंतर अपॉस्ट्रॉफी येते. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत हेच चिन्ह म्हणजे मजकूर संपल्याची खूण. नाव थेट क्वेरीच्या वाक्यात जोडलं की मजकूर तिथेच संपतो आणि पुढची अक्षरं डेटाबेस आज्ञा समजून वाचतो. मग एरर येते आणि मुलालाच सांगितलं जातं, ‘ते चिन्ह काढून टाक.’ हे मला पटत नाही. नाव बरोबर आहे, चूक क्वेरीची आहे.

श्रुतलेखन आठवा. आपण ‘पूर्णविराम’ म्हणतो. कुणी चिन्ह देतं, कुणी तो शब्दच लिहितं! सूचना कोणती आणि मजकूर कोणता हे कळलं नाही की असंच होतं. पॅरामीटरच्या क्वेरीत हा घोळ राहत नाही. आज्ञेत रिकामी जागा ठेवायची आणि नाव वेगळं द्यायचं. छापील अर्जासारखंच: रकान्यात काहीही लिहा, अर्ज बदलत नाही.

‘मी तर ओआरएम वापरतो’ म्हणून निर्धास्त राहू नका. जँगोत नेहमीचं फिल्टर लिहिलं तर ओआरएम हे काम आपणहून करतं. पण अवघड अहवालासाठी रॉ क्वेरी लिहून त्यात एफ-स्ट्रिंगने नाव चिकटवलं, की ते संरक्षण गेलं. तिथेही जागेची खूण ठेवा, नाव वेगळ्या यादीत द्या आणि खुणेभोवती अवतरणचिन्ह घालू नका. टेबलचं किंवा कॉलमचं नाव मात्र पॅरामीटरने देता येत नाही. ते आपण ठरवलेल्या यादीतूनच घ्या.

२००७ मध्ये रँडल मन्रो यांच्या एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालेत एक शाळा होती. विद्यार्थ्याच्या नावातच आज्ञा दडलेली, त्यामुळे शाळेची त्या वर्षीची सगळी नोंद पुसली जाते. हसू येतं खरं, पण २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीच्या दीड लाखाहून अधिक ग्राहकांची माहिती याच दारातून चोरीला गेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. डेटाबेस शिकवताना पॅरामीटर पहिल्याच धड्यात शिकवा, ‘सुरक्षितता’ नावाच्या शेवटच्या धड्यापर्यंत थांबू नका. आणि आजच आपल्या ॲपमध्ये अपॉस्ट्रॉफीसकट एक डिसोझा टाकून पाहा!