आमचे नवे सोवळे

दिवाळी अंकात एखाद्या ख्रिस्ती बाईने भांडण काढावे, हे कुणाला कदाचित रुचणार नाही. सणासुदीला गोड बोलावे अशी आपली रीत आहे. पण माझे भांडण फराळावरूनच आहे, आणि फराळाचे भांडण दिवाळीत काढायचे नाही तर केव्हा काढायचे? शिवाय या भांडणातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या घराला आहे. तेव्हा वाचकांनी पान उलटण्यापूर्वी थोडे ऐकून घ्यावे.

मी कोल्हापुरातल्या शाहूपुरीत राहते. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारपेठ वसवली, ती मुख्यतः गुळासाठी. जवळच रेल्वे स्टेशन आहे, गणपती घडवणारी कुंभार गल्ली आहे, आणि न्यू शाहूपुरीत आमचे वाइल्डर मेमोरियल चर्च आहे. हे वाइल्डर म्हणजे १८५२ साली कोल्हापुरात आलेले अमेरिकन मिशनरी. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो माझ्या पणजोबांच्या वेळी. धर्म पणजोबांनी बदलला. चूल मात्र पणजीचीच राहिली.

आमच्या घरचा दिवस प्रार्थनेने उगवतो आणि प्रार्थनेने मावळतो. मधल्या वेळात तो इतर चार घरांसारखाच असतो. सकाळी चहा, डब्यात चपाती-भाजी, रात्री ज्वारीची भाकरी. ताटे वाढली की डोळे मिटून देवाचे आभार मानायचे, आणि आभार लांबले तर आमटी निवते म्हणून धाकट्यांनी एक डोळा किलकिला ठेवायचा, हे चार पिढ्या चालत आले आहे. रविवारी मटण मंद आचेवर ठेवून उपासनेला जायचे आणि पाळकसाहेबांचे प्रवचन रंगात आले की घरच्या पातेल्याची काळजी करायची, हे पाप मी स्वतः पन्नास वर्षे करीत आले आहे. परत आल्यावर तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. त्या रश्शातली चटणी (आम्ही कोल्हापूरकर मसाल्यालाच चटणी म्हणतो) उन्हाळ्यात शेजारणींच्या संगतीने व्हायची. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या एकाच गच्चीवर वाळायच्या, एकाच दिवशी कांडपाला जायच्या. त्यात ख्रिस्ती मिरची कुठली आणि हिंदू मिरची कुठली, हे कधी कुणाला विचारावेसे वाटले नाही. नाताळ आला की आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि जमले तर अनारसे. 'तुम्ही केक नाही का करत?' असे विचारणाऱ्याला मी सांगते, 'आणतो की, बेकरीतून. तुम्ही वाढदिवसाला आणता तसाच.'

आता भांडणाचे कारण सांगते.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी शेजारच्या वैनी क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन आल्या. "मावशी, ताट ठेवतो हं, घरात पाव्हणं बसल्यात," म्हणाल्या आणि आल्या पावली गेल्या. (आमच्या कोल्हापूरच्या बायका 'ठेवते' म्हणत नाहीत. मराठीची शिक्षिका म्हणून माझी हयात गेली, पण ते काही मला सुधारता आले नाही. आणि आता सुधारावेसेही वाटत नाही.) ताटात सगळे होते. माझा नातू पुण्यात शिकतो. तो सुटीला आला होता. लहानपणी याच ताटातली चकली ताट टेबलावर टेकण्याच्या आत पळवणारा हा पोरगा. तो म्हणाला,

"आजी, हे लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यातलं आहे. आपण खायचं नाही."

"कुणी सांगितलं?"

"शास्त्रात आहे."

शास्त्र आमच्याही घरात आहे; जुन्या बांधणीचे, काठ झिजलेले. पण त्याचे शास्त्र मोबाईलवरून आले होते. कुणी एक उपदेशक आहेत, ते रोज अर्धा तास बोलतात, आणि काय काय केल्याने ख्रिस्ती माणूस विटाळतो याची त्यांच्याकडे मोठी यादी आहे. फराळ, पणती, आकाशकंदील, रांगोळी, सगळे त्या यादीत. सून बिचारी मध्यस्थी करायला आली. "आई, जाऊ दे ना. कामाच्या मावशींना देऊन टाकू."

ताट संध्याकाळपर्यंत तसेच राहिले आणि मग डब्यात भरून कामाच्या बाईंकडे गेले. ज्या फराळाने आमचा आत्मा बाटला असता त्याने त्यांचा बाटत नाही, असा आमचा हिशेब! त्या रात्री कुटुंबप्रार्थनेत मी तोंडाने बोलले, पण मन ताटात होते.

याला कारण आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शेजाऱ्यांकडे मी नाताळच्या करंज्या पाठवल्या होत्या. नवी सून होते. सारण स्वतः भाजले होते, मुरड स्वतः घातली होती. दुपारी खिडकीतून पाहिले तर त्याच करंज्या गल्लीतल्या गाईपुढे होत्या. गाय पवित्र, तेव्हा अपमान नाही, अशी कुणी समजूत घालील. मी त्या दिवशी दार लावून रडले. ती माणसे पुढे जागा सोडून गेली. करंज्या माझ्या मनातून गेल्या नाहीत. आणि गेल्या दिवाळीत माझ्याच घराने तेच केले. फरक एवढाच, की आमच्या दारात गाय नव्हती.

वाचकहो, याला मी सोवळे म्हणते. शेंडीचे असो की क्रुसाचे, सोवळे ते सोवळेच. त्याची खूण एकच: ते दुसऱ्याच्या हाताला घाबरते.

याचा इतिहासही दोन्हीकडचा आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हात लावला. पण नावे छापून आली आणि त्या पेल्यावरून ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसाला अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. हे वाचून आम्ही ख्रिस्ती हसतो. पण आम्ही हसू नये. १७३६ साली गोव्यात इन्क्विझिशनने नव्या ख्रिस्ती लोकांसाठी एक जाहीरनामा काढला. त्यात अंगणातल्या तुळशीला बंदी होती, पुरुषांच्या धोतराला बंदी होती, बायकांच्या चोळीला बंदी होती. आणि भात बिनमिठाचा शिजवून मागाहून मीठ घालायलाही बंदी होती, कारण हिंदू तसे करतात! भातात मीठ केव्हा घालावे हे धर्माच्या न्यायासनाने ठरवले. ते न्यायासन १८१२ साली मोडले. पण माझ्या नातवाच्या मोबाईलमध्ये ते पुन्हा भरते आहे असे मला वाटते.

याउलट आमच्या कोल्हापूरचे उदाहरण पाहा. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक नावाचे हॉटेल काढले. दलिताच्या हातचा चहा घ्यायला तेव्हा कुणी सहज येत नसे. शाहू महाराज गाडी थांबवून तिथला चहा स्वतः घेत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. महाराजांनी अस्पृश्यतेवर हुकूम काढले, वसतिगृहे काढली, ते सारे मोठेच. पण लोकांच्या तोंडी आजही आहे तो तो चहा. माणसाने माणसाच्या हातचे खाल्ले, ही गोष्ट निरक्षरालाही वाचता येते.

आणि आम्ही कोण, हे आम्ही विसरलो काय? आमच्या मंडळीतल्या पुष्कळांच्या वाडवडिलांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. ज्यांच्या पाठीवर सोवळ्याचे वळ उठले, त्यांच्या नातवंडांनी सोवळे शिकावे? रेव्हरंड टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, पण लक्ष्मीबाईंनी त्यानंतरही कित्येक दिवस आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक निराळा ठेवला होता. ते मनातून निघाले तेव्हा त्या बाईंचे घर केवढे मोठे झाले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. त्या ज्या उंबऱ्यातून बाहेर पडल्या, त्याच उंबऱ्यातून आमची मुले आत शिरत आहेत.

नातू शास्त्र काढतो, तेव्हा मलाही शास्त्रच काढले पाहिजे. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच प्रश्न हाताळला आहे. तो म्हणतो, परक्याने जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले चौकशा न करता खा. नातवाने लगेच पुढचे वचन दाखवले: हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कुणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनाखातर खाऊ नका. वचन खरे आहे. मी ते लपवणार नाही. पण कारण वाच, म्हटले. पौल खाणाऱ्याच्या विटाळाची गोष्ट करीतच नाही. तो समोरच्याच्या मनाची गोष्ट करतो. मग सांग, वैनींच्या मनाला ठेच कशाने लागेल? मी त्यांची चकली खाल्ली तर, की त्यांचे ताट न शिवता डब्यात भरले तर? यावर तो गप्प बसला. पटले म्हणून नव्हे. आजीपुढे बोलू नये म्हणून.

दुसरी गोष्ट गलतीकरांच्या पत्रातली. अंत्युखियात पेत्र परजातीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही कडक मंडळी आली आणि पेत्र भिऊन त्या पंक्तीतून उठला. तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावले. आमच्या मंडळीच्या अगदी पहिल्या भांडणांपैकी एक पंगतीवरून झाले आहे, आणि त्यात जो पंगत सोडून उठला तो चुकला. आमचा सर्वांत पवित्र विधीसुद्धा एक जेवणच आहे. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. आमच्या मराठी शास्त्रात प्रभूला जीवनाची भाकर म्हटले आहे. पाव नव्हे, पोळी नव्हे, भाकर, जी शाहूपुरीच्या घराघरांत थापली जाते. असा ज्याचा धर्म, त्याने शेजाऱ्याचे ताट पाहून अंग चोरावे?

'अशाने श्रद्धा पातळ होईल,' असे आमच्यातले काही भले लोक म्हणतात. त्यांना माझे उत्तर सरळ आहे. मी आरतीला उभी राहत नाही. वैनी मला तसा आग्रह करीत नाहीत, आणि आमच्या प्रार्थनेच्या वेळी त्या दाराशी थांबतात, आत येत नाहीत. कुठे हात जोडायचे हे मला कळते आणि त्यांनाही कळते. पण हात जोडणे निराळे आणि हात पुढे करणे निराळे. जी श्रद्धा एका करंजीने विरघळते, ती आधीच पाणी झालेली असते.

आता दोन शब्द माझ्या हिंदू वाचकांना. आमच्या घरी आलात की 'आम्ही नुसता चहाच घेऊ' असे म्हणता, त्यातला 'नुसता' आम्हाला ऐकू येतो. करंजी उचलून 'यात काय काय घातलंय?' असे विचारता, तेव्हा रवा-खोबरे हे उत्तर तुम्हाला नको असते, हेही कळते. आणि 'तुमचे मराठी किती शुद्ध आहे!' हे कौतुक नव्हे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत १६१६ साली छापून निघाले; आमचे मराठी कालचे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या मातीतले, मराठीत लिहिणारे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांआधी त्यांचा झगा मोजणारे लोक निघालेच. ते आता नाहीत. २०२४ साली ते गेले. पण झगा मोजणारी नजर आहे, आणि तीच करंजीवर पडते.

त्या दिवाळीनंतर काय झाले ते सांगून संपवते. आमच्यात ताट रिकामे परत करीत नाहीत. तुमच्यातही करीत नाहीत. नाताळात ते ताट मी भरले आणि नातवालाच म्हटले, "जा, देऊन ये." तो गेला आणि बराच वेळ आला नाही. वैनींनी त्याला बसवून घेतले, त्याच्यासमोर करंजी मोडून खाल्ली आणि त्याला चहा दिला. तो त्याने घेतला. चहाला नैवेद्य दाखवलेला नसतो, असे त्याने घरी येऊन मला ऐकवले. ठीक आहे, रानड्यांच्या काळात चहाच मोठा होता.

यंदाही पाडव्याला ताट येईल, आणि नातू घरी असेल. तो खाईल की नाही मला माहीत नाही. बळजबरीने मी भरवणार नाही. पण या वेळी ते ताट डब्यात जाणार नाही. मी ते टेबलाच्या मधोमध ठेवीन, डोळे मिटून आभार मानीन आणि त्याच्या देखत पहिली चकली मोडीन. तुमच्याही आळीत एखादे घर असेल, जिकडे तुमचे ताट अजून गेलेले नाही. ते कुणाचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. चकल्या मऊ पडण्याआधी जाऊन या.