टाकी परसात, पण घागर कुणाच्या डोक्यावर?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाची बैठक माझ्याच परसात झाली. विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या नोंदणीचा, पण सगळ्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या टाकीकडे. प्लास्टिकची पाचशे लिटरची टाकी, तिच्या वर लोखंडी घोडीवर खडीचा वाफा, वाफ्यात पालक आणि चुका, खाली पाण्यात मासे. एक आजी वाकून बघत म्हणाली, "पोरी, आपल्या तोंडाला पानी न्हाई, अन् तू माशाला पाजतीस व्हय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिथं मला नीट उत्तर देता आलं नाही म्हणून हा लेख.

पाटोदा म्हणजे बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं. छत्रपती संभाजीनगरजवळचं ते बक्षिसं मिळवणारं पाटोदा वेगळं. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते. पुढे धनेगावला तिच्यावर धरण आहे, आणि २०१६ साली ते कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. नदी आमच्याकडे जन्मते, पण हंडा घेऊन चालायचं मात्र आमच्या नशिबातून जात नाही. अशा गावात मासे पाळायचे म्हणजे आजीला नवल वाटणारच.

या पद्धतीला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट तेवढी अवघड नाही. माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, तो साठला तर मासे मरतात. खडीवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे पालेभाजीचं खाणं. छोटा पंप पाणी वर चढवतो, खडीतून गाळून ते परत टाकीत पडतं. तेच पाणी फिरत राहतं.

हे मी चोपडीत वाचलं होतं, तरी पहिली टाकी माझ्या हातानं मारली. टँकरचं पाणी भरलं, त्यात टीसीएल पावडरीचा वास येत होता. तिसऱ्याच दिवशी चाळीस बोटुकली सोडली आणि कौतुकानं मूठमूठ खाद्य टाकलं. आठवड्यात तीन उरली. चूक साधी होती. क्लोरीनचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायला हवं होतं, आणि खडीवर जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मासे सोडायचेच नसतात. दुसऱ्या वेळी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य कुजू दिलं, पाण्याचा रंग बदलणाऱ्या थेंबांची तपासणी पेटी आणली, पाच आठवडे थांबले आणि मग वीसच मासे सोडले. पाचशे लिटरला वाढलेले मासे पाच किलोच्या वर नकोत. तेवढ्या माशांना दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खाद्य लागतं आणि त्यावर दोन चौरस मीटर पालेभाजी पोसते. खडी घेताना तिच्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर ती चुनखडीची, ती नको. आपलं बोअरचं पाणी आधीच जड असतं, आणि पाणी जितकं क्षारयुक्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी.

आता आजीच्या प्रश्नाकडे. या पद्धतीला शेताच्या दहाव्या हिश्श्याएवढंच पाणी लागतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी एप्रिलभर मोजलं. रोज एक घागर तरी वरून घालावी लागली, कडक उन्हात दीड. भाजी पानांतून पाणी सोडणारच, ती मातीत असो की खडीत. वाचतं ते मातीत मुरून जाणारं पाणी. टाकीवर झाकण आणि वर सावलीचं कापड टाकलं की आणखी थोडं वाचतं. फायदा खरा हा की त्याच पाण्यात भाजीबरोबर मासळीही मिळते. दहाव्या हिश्श्याची भाषा परसात तरी खरी ठरत नाही, आणि ती सांगून बायांना टाकी घ्यायला लावणं मला पटत नाही.

ती एक घागर कोण आणतं? घरात नळ असेल, बोअर असेल तर प्रश्न नाही. पण आठ दिवसांनी टँकर येणाऱ्या वस्तीवर ती घागर बाईच्याच डोक्यावर येणार. अशा घरात मी टाकी सुचवणार नाही. तिथं भांडी धुतलेल्या पाण्यावरची साधी परसबाग चांगली. ते पाणी वाफ्याला चालतं, माशांना साबणाचा थेंबही चालत नाही. टाकी करायचीच तर अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या बोअरजवळ पाच-सहा जणींनी मिळून करावी, पाळ्या लावाव्यात.

विजेचंही तेच. भारनियमनात पंप थांबला की मासे वर येऊन तोंडं उघडतात. एका रात्री दोन वाजता उठून मी तांब्यानं पाणी उंचावरून ओतत बसले होते, हवा मिसळावी म्हणून. घरातली बाकी माणसं घोरत होती. सकाळी विचारणा झाली, "मासे वाचले का?" मी जागी होते हे कुणी विचारलं नाही.

मग मी हे का करते? कारण ताटात काय पडतं हे मला दिसतं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. आमच्या जिल्ह्याचं दुखणं तर जगजाहीर झालं. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलं की पाहणीतल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. फडात खाडा परवडत नाही, पाळीचं दुखणं परवडत नाही, म्हणून पिशवीच काढून टाकायची. माशांच्या टाकीनं हे थांबेल असं म्हणणारी बाई मी नव्हे. ते मजुरीचं, मुकादमाचं आणि दवाखान्यांचं प्रकरण आहे आणि ते तिथंच लढायचं आहे. पण फडावरून परत आलेल्या बाईला चार महिने तरी आठवड्यातून एकदा मासा आणि रोज पाला मिळावा, यात गैर काय?

मासा शिजला तरी तिला मिळतोच असं नाही. आमच्याकडे माळकरी घरं पुष्कळ, तिथं टाकी नकोच. जिथं खातात तिथं मधला तुकडा गडीमाणसांना, मग पोरांना, आणि बाईला रस्सा. गटात मी हे बोलले तेव्हा दोघी-तिघी गप्प झाल्या. एक म्हणाली, "ताई, मी तर शेपटीच खाते, मला तीच आवडती." किती वर्षं आवडते, असं मी विचारलं. ती हसली आणि मग काही बोलली नाही.

कोयत्याचा प्रश्न वेगळा. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल बहुतेक नवऱ्याच्या हातात, आणि दिवाळीच्या आगेमागे घर बंद. पुढचे पाच-सहा महिने टाकीला कोण? मागं राहते ती म्हातारी आणि शाळेतली पोर. पोरीवर आणखी एक काम टाकायला माझा विरोध आहे. अशा घरानं मे महिन्यात खडी तयार करावी, पावसाच्या तोंडावर जरा मोठी बोटुकली सोडावीत, दिवाळीआधी मासे काढून खावेत नाहीतर विकावेत आणि टाकी पालथी घालून जावं. मासे लहान निघतील, निघू द्या.

शेवटी कागद. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत स्त्रियांसाठी ६० टक्के अनुदान ठेवलं गेलं, सर्वसाधारण गटाला ४०. मैत्रिणींनो, जास्तीच्या त्या वीस टक्क्यांसाठी घरोघरचे पुरुष बायकोच्या नावानं अर्ज करायला तयार होतात. पण जागेचा कागद मागितला की उतारा निघतो सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली, जमीन बायकोच्या नावावर करा म्हणून, आणि सीताशेतीही मांडली. १९९४ साली राज्यानं वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. एवढं होऊनही तीन दशकांनंतर परसाच्या कोपऱ्यासाठी आम्हाला संमतीपत्र आणावं लागतं. अनुदान बाईच्या नावानं आणि उतारा बाप्याच्या, मग टाकी कुणाची?

म्हणून आमच्या गटानं ठरवलं आहे की ज्या घरात ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर बाईचं नाव लागेल, त्याच घराला टाकी बांधायला आम्ही मदत करू. खडी धुवायला, नळ्या जोडायला सगळ्या जणी जाऊ. आतापर्यंत दोन घरांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. तिसरीचा नवरा म्हणतो, आधी मासे दाखवा, मग नावाचं बघू.