सत्काराच्या यादीपलीकडे

डिसेंबर-जानेवारी हे आपल्याकडे मेळाव्यांचे दिवस. लॉ कॉलेजांमध्येही याच सुमारास माजी विद्यार्थ्यांची संमेलनं भरतात. मांडव पडतो, निवृत्त प्राध्यापक पहिल्या रांगेत बसतात, आणि कुणी न्यायमूर्ती झालेली, कुणी सरकारी वकील, कुणी मोठ्या कंपनीची कायदा सल्लागार अशा नामवंतांना शाल-श्रीफळ दिलं जातं. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ सालचं, पुण्याचं आय. एल. एस. १९२४ सालचं. इतक्या जुन्या संस्थांकडे अभिमानानं सांगण्यासारखी नावं भरपूर असणारच. अलीकडे त्या नावांमध्ये बायकांची नावंही ठळकपणे येऊ लागली आहेत. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण या आनंदातच एक प्रश्न विचारावासा वाटतो. कायदा शिकलेल्या बाईचं यश मोजायचं कशात? आणि अशा मेळाव्यांना जमणाऱ्या मैत्रिणींनी ते कसं मोजावं?

आधी आनंदाबद्दल बोलू, कारण तो फुकटात मिळालेला नाही. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. १८९२ साली तिने ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. झाली. ज्ञानात कमी नव्हती, पण कोर्टात उभं राहायची परवानगी नव्हती. बंगालमध्ये रेजिना गुहाने वकिलीसाठी अर्ज केला, तो कलकत्ता हायकोर्टाने १९१६ साली फेटाळला. सुधांशुबाला हाजराचा अर्ज पाटणा हायकोर्टाने १९२१ साली फेटाळला. कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात बाई बसते का, यावर शहाण्यासुरत्या न्यायाधीशांनी खल केला आणि बसत नाही असं ठरवलं! त्याच १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने सोराबजीला नोंदवून घेतलं आणि १९२३ साली स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा झाला. पदवी ते सनद हे अंतर तिला जवळजवळ पाव शतक पडलं. मुंबई हायकोर्टात वकील म्हणून पहिली उभी राहिली ती मिठन टाटा-लाम. तिनेच त्याआधी, १९१९ साली, आपल्या आईबरोबर लंडनला जाऊन हिंदी स्त्रियांच्या मताधिकारासाठी खटपट केली होती. वकिली आणि चळवळ यांची गाठ तेव्हापासूनची आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढची वाटचालही सावकाशच झाली. हायकोर्टात पहिली स्त्री न्यायमूर्ती अ‍ॅना चंडी, केरळमध्ये, १९५९ साली. मुंबई हायकोर्टात सुजाता मनोहर, १९७८ साली. सुप्रीम कोर्टात फातिमा बीवी, १९८९ साली. तेव्हापासून २०२१ पर्यंतच्या बत्तीस वर्षांत सुप्रीम कोर्टात एकूण अकराजणी नेमल्या गेल्या, आणि त्यातल्या तिघींचा शपथविधी एकाच दिवशी, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. या अकराजणींमध्ये रंजना देसाई आहेत, ज्या मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजच्या विद्यार्थिनी. तेव्हा त्या कॉलेजच्या मेळाव्यात त्यांचं नाव अभिमानाने घेतलं गेलं तर ते योग्यच आहे. वाट पाडणाऱ्या बाईचं नाव घेतलंच पाहिजे. बाकावर बसलेल्या नव्या मुलीला ते ऐकून बळ येतं.

पण मैत्रिणींनो, यादीत नसलेल्यांचं काय?

लॉ कॉलेजचे वर्ग आज मुलींनी भरलेले दिसतात. कित्येकदा पहिल्या नंबरावर मुलीच असतात. मग त्या जातात कुठे? २०२१ साली तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की देशातल्या सुमारे सतरा लाख वकिलांमध्ये स्त्रिया पंधरा टक्केच आहेत, आणि राज्यांच्या बार कौन्सिलांवर निवडून आलेल्यांमध्ये दोन टक्के. म्हणजे कॉलेजच्या दारातून निघालेली मुलगी कोर्टाच्या दारापर्यंत पोचताना कुठेतरी हरवते. कोर्टात पोचली तर सिनिअरच्या केबिनमध्ये हरवते. आणि तिथे टिकली तरी पाळणा हलला की हरवते.

हे हरवणं म्हणजे काही नशिबाचा खेळ नाही. त्याची कारणं अगदी साधी, पैशाअडक्याची आणि वेळेची आहेत. ज्युनिअर म्हणून पहिली दोन-चार वर्षं हातात जवळपास काही मिळत नाही. ‘शिकायला मिळतंय ना’, असं म्हटलं जातं. ज्या मुलाच्या घरी शेती आहे, वडिलांची वकिली आहे, त्याला हे परवडतं. ज्या मुलीने भावाच्या बरोबरीने शिकण्यासाठी घरात भांडण केलं, तिला महिनाअखेरीला रिकाम्या हाताने घरी जाणं परवडत नाही. घरचे म्हणतात, ‘झाली ना हौस? आता लग्नाचं बघू.’ बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं. पण ती शिफारस आहे, बंधन नाही. शिफारशीवर एसटीचा पास निघत नाही. सनद काढायचंही तसंच. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये नोंदणीची फी साडेसातशे रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना सव्वाशे. पण निरनिराळ्या नावांखाली राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं सांगितलं. दलित-आदिवासी घरातल्या पहिल्या शिकलेल्या मुलीसाठी हा निकाल मोठा आहे. पण तो किती मुलींपर्यंत पोचला?

आणि आणखी एक गोष्ट, जी सत्कार समारंभात कुणी बोलत नाही. देशातल्या सुमारे बावीस टक्के न्यायालयांच्या आवारात बायकांसाठी स्वच्छतागृहच नाही, हेही न्या. रमणांनीच सांगितलं होतं. सकाळी दहाला आलेली वकील संध्याकाळी पाचपर्यंत पाणी न पिता उभी राहते. तिची पक्षकार, कडेवर मूल घेतलेली, तीही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सर्व न्यायालयांत स्वच्छतागृहं बांधण्याचे आदेश द्यावे लागले. स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षं उलटल्यावर! न्याय मागायला येणारीला आणि मागून देणारीला, दोघींनाही आपण हे साधं धरलं नव्हतं.

आता यशाचं माप. आमच्या मते कायद्याच्या वर्गांनी या देशातल्या बायकांना दिलेली सर्वांत मोठी देणगी एखादी पदवी किंवा खुर्ची नव्हती. ते एक पत्र होतं. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने ती रद्द करून त्यांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क होता. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुकाट्याने सहन करणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समजावलं. त्या पत्राची प्रत हातोहात फिरली. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या, मंच उभे राहिले, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. पोलीस कोठडीत झालेल्या बलात्कारात बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं तर कोर्टाने ते तसंच धरून चालावं, हे तेव्हा कायद्यात आलं. भारतीय साक्ष अधिनियम जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातही ते टिकून आहे.

चार प्राध्यापकांची चार पानं आणि हजारो बायकांचे पाय, या दोन्हींचं ते मिळून यश होतं. एकटं पत्र फाइलीत पडून राहिलं असतं. एकटा मोर्चा ‘बायकांचा आरडाओरडा’ म्हणून सोडून दिला गेला असता.

दुसरं उदाहरण विशाखा निकालाचं. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरी देवी, सरकारच्या योजनेत साथिन म्हणून काम करणारी, कुंभार जातीची. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि १९९५ साली खालच्या कोर्टाने त्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. पण स्त्रीसंघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं मिळाली. ज्या तीन न्यायमूर्तींनी हा निकाल दिला त्यात सुजाता मनोहर होत्या. २०१३ साली त्याचा कायदा झाला. आज बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणारी बाई ज्या अंतर्गत समितीकडे तक्रार नेते, ती समिती भंवरी देवीच्या हिमतीवर उभी आहे. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही. खुर्चीवर बाई असण्याला अर्थ आहे, पण खुर्चीपर्यंत प्रश्न पोचवणारी बाई आधी लागते, आणि त्या दोघींच्या मध्ये एक वकीलही लागते.

ही मधली वकीलच आज कमी पडते आहे. आमच्यासारख्या गटांच्या सल्ला केंद्रावर येणाऱ्या बाईला कायदा हवा असतो तो जवळच्या तालुका कोर्टात. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा म्हणतो की पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात. पोटगीचा आदेश झाला तरी पैसे हातात यायला पुन्हा अर्ज, पुन्हा वॉरंट, पुन्हा तारीख. या लढाईत तिला अशी वकील हवी असते जी तिला ‘बाई, तडजोड करून टाका’ असं पहिल्याच भेटीत सांगणार नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे किती बायकांना माहीत आहे? आणि माहीत होऊन ती तालुका समितीकडे गेली, तर तिथल्या यादीतली वकील तिचं ऐकून घ्यायला तयार आहे का?

म्हणून माजी विद्यार्थिनींना आमचं आग्रहाचं सांगणं आहे. मेळावे भरवा, जुनी गाणी म्हणा, प्राध्यापकांच्या नकला करा, पोटभर हसा. बायकांना नुसतं भेटण्यासाठी भेटायची संधी फार कमी मिळते, तिला आम्ही कमी लेखत नाही. पण त्याच दिवशी एक तास वेगळा काढा. आपल्या वर्गातल्या सगळ्या मुलींची यादी करा. कोण कोर्टात आहे, कोणाची सनद ट्रंकेत पडून आहे, कोण शिकवण्या घेते, कोणाचा पत्ताच नाही. ज्यांची वकिली लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर सुटली त्यांना बोलवा, आणि सत्कारमूर्तींच्या शेजारी बसवून विचारा की परत यायला काय लागेल. कुणाला नवी कलमं समजावून घ्यायची असतील. ४९८-अ शोधणारीला आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ ही कलमं बघावी लागतात. कुणाला पोर सांभाळायला माणूस हवं असेल. कुणाला फक्त पहिलं वकीलपत्र दाखल करताना शेजारी उभी राहणारी मैत्रीण. ज्यांची प्रॅक्टिस बसली आहे त्यांनी एकेका ज्युनिअरला रीतसर पगार द्यायचं त्याच बैठकीत कबूल करावं. आणि प्रत्येक वर्गाने एक तालुका निवडावा, महिन्यातून एक दिवस तिथे आळीपाळीने जाऊन बसावं. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना द्यायला सांगितलं. आपल्या जिल्ह्याच्या बारमध्ये तसं का नको, हेही त्याच बैठकीत विचारावं.

यावर काहीजणी म्हणतील, बायकांच्या केसेस केल्या की पुरुष वकील ‘पोटगीवाली’ म्हणून हिणवतात, मोठी कामं मिळत नाहीत. हे खरं आहे. समाजकार्याचं ओझं पुन्हा बाईनेच का उचलायचं, हा प्रश्नही रास्त आहे. म्हणूनच हे एकटीने करायचं काम नाही, वर्गाने करायचं आहे, आणि वर्गातल्या पुरुषांनीही. शिवाय इतिहास वेगळंही सांगतो. इंदिरा जयसिंग यांनी बायकांचे प्रश्न हाती घेतले म्हणून त्यांची वकिली लहान झाली नाही. १९८६ साली मुंबई हायकोर्टाने सीनिअर अ‍ॅडव्होकेट केलेली पहिली स्त्री त्याच. फ्लेविया अ‍ॅग्नेस हिंसेच्या संसारातून बाहेर पडल्या, चळवळीत आल्या आणि मग कायदा शिकल्या. त्यांच्या ‘मजलिस’ने १९९१ पासून मुंबईत किती बायकांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला शिकवलं, ते त्या बायकाच सांगतील.

आपल्या गटांनाही इथे करण्यासारखं आहे. वकील मैत्रिणीला आपण फक्त अडचणीच्या वेळी बोलावतो. तिला आपल्या शिबिरात, बैठकीत, आठ मार्चच्या कार्यक्रमात आपली म्हणून बसवतो का? तिच्या फीबद्दल मोकळेपणाने बोलतो का? तिचाही चूल-मूल-कोर्ट असा तिहेरी दिवस असतो, हे ध्यानात घेतो का?

तुमच्या गावातल्या, तालुक्यातल्या अशा वकील मैत्रिणींबद्दल आम्हाला लिहा. सनद असून घरी बसलेल्यांनी तर जरूर लिहा. पुढच्या अंकापासून ही पत्रं छापण्याचा विचार आहे. सत्काराची यादी कॉलेजं करतीलच. ही दुसरी यादी आपण करू, आणि यंदाच्या मेळाव्यांपासूनच सुरुवात करू.