गाडाभर भातामागची बाई

वर्ध्याहून नागपूरला जाताना केळझर आलं की आमची आजी एसटीच्या खिडकीतून टेकडीकडे बोट दाखवायची. "थे पाय, बकासुराचं गाव." महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी इकडची श्रद्धा. (तसा दावा सांगणारी गावं देशात आणखीही आहेत, आजीला ती मान्य नव्हती.) तिच्या गोष्टीत गाडाभर भात, दोन रेडे, पाठीवर बुक्के खात निवांत जेवणारा भीम, सगळं साग्रसंगीत असे. बकासुराच्या तोंडी माणूस द्यायची ज्या घरची पाळी होती तिथली बाई मात्र एका वाक्यात आटपायची: "थे बिचारी रडत बसली."

पुढे आदिपर्वाचं भाषांतर हाती आलं. पाहते तर आधी गळा काढतो तो नवरा. वर बायकोलाच बोल लावतो, गाव सोडू म्हणत होतो पण तुझा पाय माहेरातून निघेना. ती मुद्दे काढून सांगते, मीच जाते. तुम्ही गेलात तर पोरांना मी एकटी कशी जगवू? पुरुषाला तो मारणारच. बाईला मारणं अधर्म, म्हणून मला कदाचित सोडेलही. राक्षसाच्या धर्मबुद्धीवर पैज लावायला भीमापेक्षा मोठी छाती लागते.

अद्भुतकथेत साध्या पुरुषाला वाट फुटते. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॅम, साधा माळी, मॉर्डोरपर्यंत जाऊन येतो आणि पुढे सात वेळा महापौर होतो. त्याची रोझी गावातच थांबते. बाईला घराबाहेर पडायचं तर आधी राजकन्या नाहीतर चेटकीण व्हावं लागतं. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी तेवढी अपवाद. ती गोष्ट बहुधा आज्यांनीच रचली असणार.

एकचक्रेच्या त्या घरात एक मुलगीही आहे. आजीच्या गोष्टीत ती नव्हतीच. ती म्हणते, मला आज ना उद्या देऊनच टाकायचंय, तर आत्ताच द्या. तिचं ऐकून आईबाप आणि ती, तिघंही रडतात. मग बोबडा धाकटा गवताची काडी उगारतो, हिनं राक्षसाला मारतो म्हणतो, आणि तशा दुःखातही घर हसतं.

ती काडी आजी कधीच विसरली नाही.