पाण्याची हाव नसलेली फुलझाडे

छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीसारख्या दाट वस्तीच्या पेठेत, जेथे जुने वाडे पडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि अंगण नाहीसे होऊन माणसाच्या वाट्याला केवळ गच्ची उरली, तेथे फुलझाडांचा शौक करू इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम पाण्याचा बंदोबस्त पाहावा आणि मगच रंगाकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. मलिक अंबराने १६१० साली वसविलेल्या खडकीला, म्हणजे याच शहराला, भूगर्भातले पाणी नहरीने आणि खापरी नळांनी पोहोचविण्याची तजवीज त्याने केली, कारण या भूमीचा कोरडा स्वभाव त्याने नीट ओळखला होता. आज नाथसागर जलाशयाचे पाणी शहरात येते खरे. पण नळ कित्येक दिवसांआड सुटतो आणि पिपात साठविलेल्या पाण्यावर पहिला हक्क स्वयंपाकघराचा असतो.

अशा गावी पेन्स्टेमनचा विचार मनात येतो तो उगाच नव्हे. उत्तर अमेरिकेतील या वनस्पतीच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील पुष्कळशा कोरड्या, खडकाळ, निकृष्ट जमिनीत सुखाने नांदतात. उभ्या दांड्यावर नळीसारखी फुले ओळीने लागतात. जांभळी, निळी, गुलाबी, लाल. फूल उभे चिरून पाहिले तर आत पाच पुंकेसर दिसतात. चार परागकणांचे आणि पाचवा वांझ, पुष्कळ जातींत मऊ केसांनी भरलेला. व्हर्जिनियातील जॉन मिचेल यांनी १७४८ साली या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याला आता पावणेतीनशे वर्षे झाली.

तथापि तिचे बी आणून येथे पेरण्याचा उत्साह धरणाऱ्याने तिची एक अट ध्यानात ठेवावी. पुष्कळ रानटी जातींच्या बियांना ओली थंडी दीर्घकाळ मिळाल्यावाचून त्या रुजत नाहीत आणि आमची थंडी तेवढी कडक नसते. म्हणून मेक्सिकन रक्ताच्या उद्यानी जाती घ्याव्या, नवरात्र आटोपल्यावर बी पेरावे आणि हंगामी फुलझाड म्हणूनच त्यांच्याकडे पाहावे. मातीत मुरूम आणि जाड वाळू सढळ हाताने मिसळावी, शेणखत मात्र बेताने घालावे. सकस मातीत झाड फोफावते, पण दांडा नरम पडून कलतो. वैशाखाचे ऊन आणि त्यामागून येणारा पाऊस दोन्ही सोसून ते टिकेल, अशी आशा मी कोणाला देणार नाही.

ज्याला वर्षभराची सोबत हवी, त्याने त्याच कुळातील रसेलियाकडे वळावे. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आजच्या वर्गीकरणाप्रमाणे आपली ब्राह्मी आणि इसबगोलही याच कुळात मोडतात. अठराव्या शतकात हलब (अलेप्पो) येथील इंग्रजांच्या वखारीचे वैद्य असलेल्या अलेक्झांडर रसेल यांचे नाव या मेक्सिकन झुडपाला मिळाले आणि आमच्या गावांतून ते आता इतके रुळले आहे की परके म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. त्याची पाने बहुतांशी आखडून खवल्यांएवढी झालेली असतात. अन्न तयार करण्याचे काम हिरव्या, बारीक, वाकलेल्या काड्याच करतात, आणि उन्हात वाफ होऊन जाणारे पाणी त्यामुळे वाचते. गच्चीच्या कठड्यावरून त्या काड्या रस्त्याच्या बाजूला सोडाव्या. मग टोकांना लोंबणाऱ्या इंचभर लांबीच्या लाल नळ्यांकडे सकाळी शिंजीर येतो, काडीला उलटा लटकतो, बाकदार चोच नळीत खुपसतो आणि खाली दुकानांची शटरे उघडत असली तरी आपला शिरस्ता मोडीत नाही. मायदेशी मेक्सिकोत हे काम गुंजन पक्षी करतात. आमच्याकडे शिंजिराने ती वहिवाट कोणाच्या शिकवणीवाचून उचलली, याचे मला मनःपूर्वक कौतुक वाटते.

या झुडपाचा तगादा काहीच नसतो. कुंडीतली माती बोटभर खोलीपर्यंत कोरडी झाल्याखेरीज पाणी घालू नये. भाज्या धुतलेले पाणीही त्याला पुरते. बी शोधीत बसण्याचे कारण नाही, कारण वाकलेली फांदी मातीला टेकली की तेथेच मुळे धरते. ओळखीच्या कोणाकडून पावसाळ्यात अशी एखादी फांदी मागून आणावी. फक्त कुंडीच्या बुडाचे भोक बुजलेले नाही ना, एवढे मृगापूर्वी काडी घालून पाहून ठेवावे, कारण या कुळातल्या कोरडवाहू झाडांना तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याचे भय अधिक.