'किरकोळ खर्चा'तला माणूस

शॉपिंग सेंटर म्हटले की काचेची दारे, दिव्यांचा झगमगाट आणि सेलच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. ते रोज चालते कसे, हे मात्र त्याच्या हिशेबाच्या वहीला विचारावे. प्रस्तुत लेखक नोकरी सांभाळून अशाच एका गाळेधारक समितीची वही लिहितो, म्हणून हा विषय आज घेतला आहे.

वहीतल्या नोंदी ठरलेल्या. सामायिक मीटरचे वीजबिल, पाण्याची मोटर, वॉचमनचा पगार, जिना आणि पॅसेज झाडणाऱ्या बाईंचा पगार, गळके नळ. बिल्डर गाळे विकून मोकळा होतो आणि हा सगळा भार गाळेधारकांवर येतो. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यात दुकानाचा गाळाही 'सदनिका'च धरला आहे. खरेदीदारांची सोसायटी स्थापन करून देणे हे बिल्डरचे काम आहे, हे पुष्कळ गाळेधारकांना ठाऊकच नसते. मग तोंडी समिती, तोंडी वर्गणी! पुढच्या बाजूचा गाळेवाला म्हणतो, मी जिना वापरत नाही, पैसे का देऊ? वरच्या मजल्यावरचा म्हणतो, माझ्याकडे गिऱ्हाईकच येत नाही. असो.

सर्वांत जास्त टाळाटाळ होते ती शौचालयाच्या बाबतीत. साड्यांच्या, रेडिमेडच्या दुकानांत आपल्या कितीतरी मुली सकाळी दहा ते रात्री नऊ उभ्या असतात. शौचालयाला कुलूप, आणि किल्ली एखाद्या शेटजींच्या गल्ल्यात. ती मागायची लाज वाटते म्हणून या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाचे दुखणे पुढे घरच्यांना निस्तरावे लागते. डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र सोय सांगितली आहे. जागा अपुरी असेल तर अनेक मालकांनी मिळून सामायिक सोय करावी, अशी मुभाही आहे. परंतु थोडे नोकर असलेल्या लहान दुकानाला हा कायदा जवळजवळ सोडूनच देतो, आणि आपल्याकडची बहुतेक दुकाने तेवढीच! तेव्हा हे काम समितीनेच अंगावर घ्यायला हवे.

शौचालय उघडे ठेवायचे तर त्याची टाकीही सांभाळावी लागते. जिथे भुयारी गटार पोचलेले नाही तिथे सगळा मैला सेप्टिक टँकमध्ये साठतो. टाकी तुंबली, वास सुटला, गिऱ्हाईक नाक दाबून परत जाऊ लागले, की समितीतला कुणीतरी म्हणतो, "दोन माणसं बोलवा, रात्रीत उरकून टाका." ही माणसे कोणत्या वस्तीतून येणार हे वाचकांना सांगायला नको. रोख पैसे, पावती नाही आणि वहीत नोंद 'किरकोळ खर्च'. ही नोंद लिहायला प्रस्तुत लेखकाने दोनदा नकार दिला, तेव्हा "कारकुनाने कारकुनी करावी" असे ऐकावे लागले.

त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. उतरणाऱ्याला वाटते, हवा साफ आहे. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच राहतो. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खासगी गृहनिर्माण सोसायटीत तीन कामगार असेच गेले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली.

संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा असून तो त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून अमलात आला. बंदी नगरपालिकेपुरती नाही, कोणत्याही व्यक्तीला ती लागू आहे; म्हणजे आमच्यासारख्या समितीलाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम बैठकीत वाचून दाखवल्यावर वर्गणीला नाही म्हणणाऱ्यांचाही आवाज खाली आला.

सांगलीच्या व्यापाऱ्यांनी तर ही अडचण महापुरात पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरले तेव्हा गणपती तोंडावर आले होते आणि दुकान उघडण्याची प्रत्येकालाच घाई. पुराच्या गाळाने भरलेली टाकी नुसत्या सक्शन पाइपला दाद देत नाही, आधी पाण्याचा जोराचा फवारा मारून गाळ सैल करावा लागतो. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात आणि अशा घाईतच "माणूस उतरवा" हा विचार लोकांना सुचतो. साताऱ्याची अडचण निराळी. जुन्या पेठांतले बोळ अरुंद आणि चढउताराचे, मोठी गाडी आत शिरत नाही. तिथे लहान गाडी आणि लांब पाइप यांची चौकशी टाकी तुंबण्याआधी करून ठेवावी लागते.

आमच्या वहीत आता 'टाकी उपसा, गाडीने' असे स्वतंत्र खाते आहे आणि प्रत्येक गाळ्याकडून त्याची वर्गणी दरमहा घेतली जाते. गाडीची पावती चिकटवल्याशिवाय व्हाउचरवर सही होत नाही. एक काम अजून व्हायचे आहे. टाकीच्या झाकणावर कुणीतरी फरशी घालून स्कूटर लावण्याची जागा केली आहे, त्यामुळे पाइप घालायला वाटच नाही. ती फरशी कुणाच्या खर्चाने फोडायची यावर येत्या रविवारी बैठक आहे. वाचकांपैकी कुणी गाळा घेणार असेल, तर दर आणि रस्त्यावरचे तोंड पाहण्याआधी मागच्या बाजूला जाऊन टाकीचे झाकण कुठे आहे ते पाहून यावे.