खोकला थांबला, पण पाठ गेली

लेणीजवळ दुकान चालवणारे आमच्या ओळखीतले एक काका. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलं. खोकला, दम, वजन उतरलेलं. एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. गुण येईना. शेवटी बायॉप्सी झाली आणि कळलं, हा टीबी नाही, सारकॉइडोसिस आहे. दोन्हींचे एक्स-रे सारखे दिसतात, म्हणून आपल्याकडे ही गफलत बऱ्याचदा होते. आणि हो, सारकॉइडोसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. काकांचा चहाचा कप वेगळा ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

मग स्टेरॉइड सुरू झालं. खोकला थांबला, सगळे खूश. वर्षभरानंतर काकांनी पाण्याची बादली उचलली आणि पाठीत कळ आली. मणका दबला होता.

माझा आक्षेप औषधाला नाही. स्टेरॉइडनं फुप्फुस वाचतं. पण तेच हाडं पोकळ करतं, आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्या ३ ते ६ महिन्यांत होते. म्हणजे हाडांची चौकशी पहिल्या चिठ्ठीच्या दिवशीच व्हायला हवी. काकांना वर्षभरात कुणी विचारलंही नाही.

यात आणखी एक मेख आहे. हाडं दुखली की आपण मेडिकलमधून कॅल्शियम आणि डी-३ ची ६०,००० युनिटची पुडी आणतो. सारकॉइडोसिसमध्ये शरीरातल्या गाठीच जास्तीचं कार्यक्षम ड जीवनसत्त्व बनवू शकतात. नेहमीच्या रिपोर्टात ड कमी दिसतं, पण रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. त्यात पुडी घेतली तर मुतखडा होऊ शकतो, किडनीवर ताण येतो. म्हणून आधी रक्त-लघवीतलं कॅल्शियम तपासायचं, मग डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यायचं.

आणि हे वाचून घाबरून गोळ्या एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

मागणी साधी आहे. ३ महिन्यांहून जास्त स्टेरॉइड चालणार असेल, तर कागदावर 'हाडं तपासली का?' हा एक रकाना हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून घाटीपर्यंत, खासगी दवाखान्यांतही. मोठी यंत्रं नंतर आणा, आधी प्रश्न तर विचारा.

घरात कुणाची अशी गोळी चालू आहे? पुढच्या फेरीला डॉक्टरांना तुम्हीच विचारा. काकांना हे सांगणारं कुणी भेटलं नाही.